दगडाखालचा कोळसा

होटगीच्या पलीकडच्या त्या गावात हद्दीचा तंटा निघाला की मायाप्पा महाराला बोलावणं यायचं. अंघोळ करून, डोक्यावर शेतातलं ढेकूळ घेऊन तो चालायचा. तो चालेल ती शीव. खोटं चालला तर निर्वंश, अशी शपथ. बाप-आज्यापासूनची ही रीत. एरवी त्याची सावली टाळणारं गाव तेवढ्यापुरतं त्याच्या पावलांवर विश्वास ठेवायचं.

यंदा त्याच्याच हाडकीचा, म्हणजे महारकीपोटी पिढ्यान् पिढ्या कसलेल्या तुकड्याचा, शिवेचा दगड हलला. पाटलाने बैल जुंपून तो पन्नास पावलं आत ओढला आणि तेवढी जमीन नांगरून टाकली. मायाप्पाने अर्ज लिहवून घेतला. सोलापुराहून मोजणीदार आला.

"दगड हाय तितंच हाय," पाटील म्हणाला.

"रावसाहेब, मी चालून दावतो," मायाप्पा लांबूनच मोजणीदाराला म्हणाला.

"महाराच्या चालण्यावर जमीन ठरायची व्हय आता?"

जमलेली माणसं हसली.  मायाप्पा सावकाश म्हणाला, "बरं, पाटील. मग मोजणी तुमच्या वड्याकडच्या मळ्यापासनं धरा. शेजारच्या गावाशी तंटा झाला, तवा माझा बाप चालला, म्हणून त्यो तुमचा झाला. बाप खोटा, तर मळा बी खोटा की."

हसणं थांबलं.

"कुठला मळा?" मोजणीदाराने वही उघडली.

"चालू द्या त्याला," पाटील घाईने म्हणाला.

मायाप्पाने शेतातलं ढेकूळ डोक्यावर घेतलं आणि चालला. बाभळीपाशी वळला आणि नांगरटीत अनवाणी पाय रोवून थांबला. "हितं खणा."

शिवेच्या दगडाखाली कोळसा पुरायची जुनी चाल. दगड हलवता येतो. कोळसा कुजत नाही, ना नांगराला लागत. कुणी कुदळ उचलेना, तेव्हा त्यानेच खणलं. हातभर खाली कोळसे निघाले.

मोजणीदाराने तिथं खुंटी ठोकली.

जाताना पाटील म्हणाला, "उद्यापासनं गावात भाकरी मागायला येऊ नगंस, मायाप्पा."

मायाप्पाची बायको केराबाई कोळसे परत खड्ड्यात ठेवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "न्हाय येत. जोंधळा हितं पिकंल की."

दोघांनी पहारीने लोटत दगड जागेवर आणला. डोक्यावरची माती घामाने मायाप्पाच्या कपाळावर उतरली होती. त्याने ती पुसली नाही.