बटण हातात धरून

ज्याला देवाचा आवाज ऐकायचा आहे त्याने आधी स्वतः गप्प बसायला शिकलं पाहिजे, असं फादरांनी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सांगितलं. सांगायला त्यांना पन्नास मिनिटं लागली. तेही इतक्या मोठ्याने की पुढच्या बाकावरचं तान्हं बाळ दोनदा दचकून उठलं आणि माईकने शिट्टी मारून माघार घेतली. नाताळापर्यंत रोज पंधरा मिनिटं बसायचं, काही मागायचं नाही, नुसती वाट बघायची, एवढाच गृहपाठ होता. नाताळापर्यंत दर रविवारी एक लावायच्या, अशा वेदीजवळच्या चार मेणबत्त्यांतली पहिली पेटवली गेली आणि लोक शांततेविषयी तावातावाने बोलत घरी गेले.

मागच्या बाकावरच्या ताईंनी मात्र ते मनावर घेतलं. त्यांचे वडील याच चर्चची दारंखिडक्या रोज बंद करायचं काम करायचे. नाताळाआधीच्या संध्याकाळी सगळे गेले की लहानग्या ताई शेवटच्या बाकावर पाय हलवत बसायच्या. वडील एकेक खिडकी लावत जायचे आणि प्रत्येक खिडकीबरोबर रस्त्याचा आवाज थोडा थोडा कमी व्हायचा. शेवटची लागली की जे उरायचं, त्याला ताईंकडे अजून शब्द नव्हता. कुणीतरी मागे येऊन उभं राहिलंय आणि त्याला कसलीच घाई नाही, असं वाटायचं. मागे वळून बघायचं नसे. मग वडील किल्ल्यांचा जुडगा वाजवत म्हणायचे, "चल गं." एवढंच. आता ताईंना पन्नासावं लागलं होतं आणि ते पुन्हा कधी आलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा यावं, या नाताळाच्या आत.

पहिला आठवडा त्यांनी घरी प्रयत्न केला. सोफ्याच्या कोपऱ्यात डोळे मिटून बसल्या, तर सासूबाईंनी तिसऱ्या मिनिटाला विचारलं, "काय झालं? मी काही बोलले का?"

"नाही हो आई, शांत बसलेय."

"तेच म्हणते मी. शांत का बसलीस?"

त्या घरात गप्प बसलेली बाई म्हणजे रुसलेली बाई, हा हिशोब पक्का होता. यजमान गुपचूप चहा करून घेऊन आले आणि त्यांनी तीन गोष्टींबद्दल माफी मागितली. त्यातली एकच ताईंना ठाऊक होती. उरलेल्या दोनमुळे पुढचे चार दिवस घरात कुणालाच शांतता मिळाली नाही.

दुसरी मेणबत्ती लागली तेव्हा ताईंना आपल्या पोटापाण्याची आठवण झाली. त्या कान तपासायच्या. बावीस वर्षं त्या लोकांना जाड दाराच्या, स्पंज लावलेल्या एका खोक्यात बसवत आल्या होत्या. दार लागलं की आत बाहेरचं काही येत नाही. पेशंटच्या कानाला हेडफोन, हातात बटण. ताई दुहेरी काचेबाहेर मशीनपाशी. आतल्याने बटण दाबलं की बाहेर लाल दिवा लागतो. गावातली सगळ्यात शांत जागा त्यांच्या पगारात फुकट होती आणि त्या स्वतः तिथे कधी दार लावून बसल्या नव्हत्या.

"काकू, दीड ते दोन मी आत आहे," त्यांनी काउंटरवरच्या काकूंना सांगितलं.

"जेवण?"

"नंतर."

"डाएट का?"

"प्रार्थना."

"हां, तेही बरं असतं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी आपला डबा उघडला.

पहिल्या दिवशी ताईंना आपलं पोट ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मानेचा मणका. तिसऱ्या दिवशी पडदे धुवायचे राहिलेत हे ऐकू आलं, आणि तो आवाज चांगला मोठा होता. चौथ्या दिवशी हात मोकळे राहवेनात म्हणून त्यांनी ते बटण हातात घेतलं. पेशंटला दिवसातून दहा वेळा सांगायचं वाक्य त्यांना आठवलं: अगदी बारीक आवाज आला तरी दाबा, आल्यासारखा वाटला तरी दाबा, चुकलं तरी चालतं. इतक्या मायेने आपण लोकांशी बोलतो याचं त्यांना नवल वाटलं. मग रोज त्या बटणावर अंगठा ठेवून बसू लागल्या. तिसरी मेणबत्ती लागली, चौथी लागली. अंगठा जागचा हलला नाही.

तेवीस तारखेला शेवटचा दिवस होता. उद्यापासून क्लिनिक बंद, आणि संध्याकाळी दोन्ही नणंदा सहकुटुंब येणार होत्या. एकूण अकरा माणसं आणि एक बासरी शिकणारा भाचा. म्हणजे ही शेवटची पंधरा मिनिटं. ताई दाराला हात घालणार इतक्यात फादर आले.

"ताई, एक खासगी काम आहे," ते गरजले. "कुणाला सांगू नका!"

"नाही सांगत, फादर," काकू काउंटरवरून म्हणाल्या.

फादरांनी खुर्ची ओढली. "दोन वर्षं झाली. आधी चिमण्या गेल्या, मग घड्याळाची टिकटिक. मला वाटलं, बरं झालं, बाहेरचा गलबला संपला, आता तरी तो बोलेल."

"मग?"

"काय?"

"बोलला का, फादर?"

"नाही हो." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "लोकांना सांगतो वाट बघा. मी वाट बघून थकलो. आणि कबुलीला लोक येतात, मला निम्मी पापं कळत नाहीत. अंदाजाने प्रायश्चित्त देतो."

सासूबाईंवर चिडले एवढंच सांगितल्यावर आपल्याला नऊ दिवसांचं प्रायश्चित्त का मिळालं होतं, याचा ताईंना आता उलगडा झाला.

त्यांनी घड्याळ बघितलं. एक तेहेतीस. दोनला काकू कुलूप लावणार. उद्या या म्हणायची सोय नव्हती. ताईंनी त्या दाराकडे एकदा, बस सुटताना बघावं तसं बघितलं आणि ते फादरांसाठी उघडलं. नियम असा की आधी बॅटरीने कानात बघायचं, मग टेस्ट. पण ज्या माणसासमोर वीस वर्षं मान खाली घातली त्याच्या कानात डोकावायचं कसं? ती पायरी त्यांनी संकोचाने गाळली.

"आवाज आला की दाबा," त्यांनी ओरडून सांगितलं. "आल्यासारखा वाटला तरी दाबा. चुकलं तरी चालतं."

फादरांनी लहान मुलासारखी मान डोलावली. दार लागलं. ताईंनी बारीक आवाज सोडले, मग मोठे. लाल दिवा क्वचितच लागला. दहाएक मिनिटांनी काचेतून पाहिलं तर फादरांची हनुवटी छातीवर टेकली होती. बटण मांडीवर होतं, दोन्ही हातांत जपून धरलेलं. दोन वर्षांत या माणसाला कुणी नुसतं बसू दिलं नसावं.

उठवायला हवं होतं. ताईंनी मशीनवरचे हात काढून घेतले. काकूंचा डबा बंद झाला होता. बाहेर एक दुकान शटर ओढत होतं, मग तेही थांबलं. रस्ता थोडा कमी झाला. काचेपलीकडे म्हाताऱ्याचा श्वास वर-खाली होताना दिसत होता, ऐकू येत नव्हता. ताईंना पडदे आठवले नाहीत, नणंदा आठवल्या नाहीत. आणि मग मागे, खुर्चीच्या अगदी मागे, कुणीतरी येऊन उभं राहिलं. त्याला कसलीच घाई नव्हती.

मशीनवर लाल दिवा लागला. ताईंनी तर काहीच आवाज सोडला नव्हता. दिवा विझला, पुन्हा लागला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"ताई," काकू किल्ल्या वाजवत म्हणाल्या, "दोन वाजले, चला."

फादर जागे झाले ते हसतच. "आला!" ते दारातून ओरडले. "झोपेत का होईना, पण काहीतरी आलं! मी दाबलं! दोनदा!"

"बघितलं मी, फादर."

"म्हणजे कान ठीक आहेत?"

तेव्हा कुठे ताईंनी बॅटरी घेतली आणि आधी करायचं ते शेवटी केलं. उजवा बघितला, मग डावा.

दोन्ही कान मळाने गच्च भरले होते.