दाढीवाल्या पुतळ्यानंतर

मी एक पास बोलतोय. बसचा आणि ट्रामचा, प्लॅस्टिकच्या पाकिटातला, गळ्यात अडकवायच्या निळ्या दोरीचा. ‘बोलतोय’ हे आपलं म्हणायला. जन्माला येताना मला एकच शब्द मिळाला, तो म्हणजे ‘टिंग’. तोही माझ्या एकट्याचा नाही. बसच्या दाराशी एक यंत्र असतं, त्याला मला टेकवलं की आम्ही दोघं मिळून तो शब्द म्हणतो. हिरवा दिवा लागतो आणि माणूस आत जातो. आज मला त्याहून बरंच जास्त सांगायचंय, आणि इथे जवळपास यंत्र नाही.

माझा जन्म स्टेशनातल्या एका खिडकीमागे झाला. तिथली मुलगी कंटाळलेली होती. जांभया देत देत ती आम्हाला छापायची आणि काचेखालच्या फटीतून बाहेर सरकवायची. माझ्यावर ज्यांचा फोटो छापला, त्या आजी मुलाबरोबर आल्या होत्या. परदेशात स्थायिक झालेला मुलगा, त्याला नुकतंच बाळ झालेलं, म्हणून आजी-आजोबा मदतीला आलेले. फोटो काढताना उजेड चमकला आणि आजींनी नेमके डोळे मिटले.

“आई, डोळे मिटलेस! पुन्हा काढू,” मुलगा म्हणाला.

“असू दे रे. मी जागी आहे की झोपले, बसवाल्याला काय करायचंय?”

तेव्हापासून माझ्या अंगावर आजी कायमच्या डोळे मिटून आहेत. गालांत मात्र हसतायत.

मुलगा आजोबांचाही पास काढणार होता. आजोबांनी मान हलवली. “मला कशाला? सगळ्या इमारती सारख्याच. खिडकीतून दिसतात तेवढ्या पुरेत.” आजोबा जन्मभर हिशेबनिसाची नोकरी केलेले, ताठ कण्याचे गृहस्थ. त्यांना न येणारी गोष्ट ते करायलाच जात नसत, आणि वर ती करण्यासारखीच नाही असं पटवून देत. मला ते पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत, हे सांगून टाकतो.

आजींचं मात्र उलट. शहराची भाषा येत नव्हती, पाट्या वाचता येत नव्हत्या, पण बाईंना त्याचं काही वाटायचं नाही. बाळाची आंघोळ आटोपली, सून बाळाला घेऊन झोपली, की आजी मला गळ्यात अडकवून निघायच्या. त्यांची शहर शिकायची एक पद्धत होती. बसमध्ये बसायचं आणि मध्ये कुठेही न उतरता शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं. त्याच बसने परत यायचं. “एकदा शेवट बघून आलं की मधलं सगळं आपलंच,” असं त्या सुनेला सांगायच्या.

थांब्यांची खरी नावं जिभेवर बसेनात, म्हणून आजींनी त्यांचं आपल्या परीनं बारसं केलं. पाणी झिरपणारी उंच भिंत होती, ती ‘ओली भिंत’. कॉफी भाजायचा कारखाना होता तो ‘वासाचा नाका’. एका शाळेच्या फाटकाशी रोज एक पोर भोकाड पसरायचं, तो थांबा ‘रडूबाई’. आणि चौकात घोड्याशिवायच तलवार उपसून उभा असलेला कुणी सरदार, तो ‘दाढीवाला पुतळा’.

आमच्या बसच्या एका टोकाला डेपो होता. तिथे बस जरा वेळ थांबायची. ड्रायव्हर ही एक आडव्या बांध्याची बाई. ती थर्मासमधून गरम काहीतरी काढून आजींना झाकणभर द्यायची. ती तिच्या भाषेत सुनेची तक्रार करत असावी, आजी मराठीत आजोबांची करायच्या. एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघींचं उत्तम जमलं होतं.

संध्याकाळी घरी आलं की मला दाराशेजारच्या खुंटीवर टांगायचं आणि आजोबांपुढे सगळा प्रवास पुन्हा करायचा, हा आजींचा नेम. आजोबा मोबाइलवर गावाकडच्या बातम्या वाचत असायचे.

“अहो, आज दवाखाना कुठाय तो बघून आले. आपण म्हातारी माणसं, माहीत असलेलं बरं. ऐकताय ना?”

“हं.”

“आपली बस धरायची. दाढीवाला पुतळा आला की उतरायचं. मग पुतळ्याकडे पाठ केली की—”

“हं, हं. अगं, आपल्या पतपेढीचा अध्यक्ष बदलला बघ.”

आजींनी वाक्य पुरं केलं. खुंटीवरून मी ते ऐकलं. आजोबांनी नाही ऐकलं. अशा कितीतरी संध्याकाळी गेल्या. शेजारी बसून एक माणूस भरभरून बोलतंय आणि दुसरं नुसतं ‘हं’ करतंय. मला वाटायचं, ‘टिंग’ आणि ‘हं’ यांत तसा फरक काय? पण माझ्या ‘टिंग’ने निदान दार तरी उघडतं.

मग एके सकाळी आजी बाळाचे कपडे वाळत घालता घालता मटकन खाली बसल्या. छातीत कळ आली होती. गाडी आली, माणसं आली, त्यांना घेऊन गेली. मी खुंटीवरच राहिलो. नंतर रोज मुलगा आजोबांना आपल्या गाडीतून दवाखान्यात न्यायचा, मोठ्या रस्त्याने. संध्याकाळी आजोबा परत यायचे आणि माझ्याकडे न बघता आत जायचे. घरात आता कुणी प्रवास सांगत नव्हतं.

आणि आज फोन आला. मुलगा पहाटेच दवाखान्यात गेला होता. शस्त्रक्रिया उद्या ठरली होती. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“बाबा, डॉक्टर म्हणतायत उद्यापर्यंत थांबायला नको. आजच दुपारी आत नेणार. मला इथून हलता येत नाही. टॅक्सी पाठवतो, तुम्ही या. आई सारखी म्हणतेय, आत जायच्या आधी त्यांना बघायचंय.”

“टॅक्सी-बिक्सी काही नको,” आजोबा म्हणाले. “इतके दिवस झाले इथे येऊन. बस कळत नाही का मला? आईला सांग, निघालोच.”

“बाबा, अहो थांबा, मी बाळाला घेऊन येते तुमच्याबरोबर,” सून आतून ओरडली. पण तोवर आजोबांनी मला खुंटीवरून काढलं होतं. मोबाइल टेबलावरच राहिला. दार लागता लागता मी तो बघितला. मी काय करणार?

तुम्ही म्हणाल, दुसऱ्याचा पास वापरणं बरोबर नाही. नाहीच. पण फोटो आणि माणूस जुळतात का हे यंत्र बघत नाही. आणि मला तर बाहेर पडल्याचा आनंदच झाला होता. तो जेमतेम फाटकापर्यंत टिकला.

आजोबा ज्या गावाहून आले तिथे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात. इथे उजव्या. घराच्या दारात उभं राहिलं की दवाखाना डाव्या अंगाला, आणि तिकडची बस पकडायला रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागतं. आजोबा जन्मभराच्या सवयीने दारासमोरच्याच थांब्यावर उभे राहिले. बस आली. आकडा बरोबर होता. आजोबांनी तो मोठ्यांदा वाचला, नाक वर केलं आणि मला यंत्राला टेकवलं.

टिंग. हिरवा दिवा.

“बघ, काय अवघड आहे त्यात,” ते स्वतःशीच पुटपुटले. हिरवा दिवा बघून त्यांना वाटलं, आपण बरोबर चाललोय. अहो आजोबा, त्या दिव्याचा अर्थ एवढाच, की चढा. कुठे चाललाय हे त्याला कुणी विचारत नाही. मी जिवाच्या आकांताने लाल व्हायचा प्रयत्न केला. पण पास भरलेला होता, वैध होता, आणि वैध पासाला लाल होता येत नाही.

खिडकीशी बसून आजोबा दाढीवाल्या पुतळ्याची वाट बघू लागले. पुतळा कसा येणार? तो उलट्या दिशेला राहिला होता. गोदामं आली, तारेची कुंपणं आली. आजोबांचा हात माझ्यावर घट्ट होत गेला. शेजारच्या माणसाला विचारावं असं एकदा त्यांच्या मनात आलं असावं, कारण त्यांनी खाकरून पाहिलं. पण विचारणार कुठल्या भाषेत? आणि विचारायची सवय होती कुणाला? डेपो आला. सगळे उतरले. इंजिन बंद झालं.

आजोबा बसून राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, ओठ नुसतेच हलत होते. घरात ताठ बसणारा हा माणूस मी असा कधी बघितला नव्हता. माझा सगळा राग तिथेच गळून पडला.

ड्रायव्हर मागे बघायला आली. तीच, आडव्या बांध्याची. तिने आजोबांना हाताने ‘उतरा’ अशी खूण केली, आणि तिची नजर माझ्यावर गेली. तिने मला उचलून जवळून पाहिलं. मिटलेले डोळे बघून ती हसली, काहीतरी म्हणाली, इकडेतिकडे बघू लागली. कुठायत त्या?

आजोबांनी तळहातावर गाल टेकवून आजारपण दाखवलं. मग बोटाने स्वतःच्या छातीवर वरून खाली रेघ ओढली. “आज,” ते मराठीतच म्हणाले. “आज आहे हो. मला जायचंय तिच्याकडे. ती वाट बघतेय.”

बाईचं हसू मावळलं. तिने आजोबांना दंडाला धरून आपल्या पाठीमागच्या सीटवर बसवलं. पण बस काही सुरू होईना. बसला सुटायची वेळ असते आणि ती ड्रायव्हरच्या हातात नसते. बाई घड्याळाकडे बोट दाखवून मान हलवत होती, पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होती. थर्मासचं झाकण तिने पुढे केलं, ते आजोबांनी हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. तिथे बसलेल्या आम्हा तिघांपैकी कुणाच्याच हातात काही नव्हतं.

अखेर बस निघाली. परतीच्या वाटेवर आमचं घर लागलं. सून बाळाला खांद्यावर घेऊन फाटकाशी उभी होती, रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे डोळे लावून. आजोबांनी काचेवर हात मारला. तिला ऐकू गेलं नाही.

घर मागे पडलं आणि काही वेळाने डाव्या हाताला उंच भिंत आली. तिच्यावरून पाणी झिरपत होतं. आजोबा पुढे वाकले.

“ओली भिंत,” ते हळूच म्हणाले.

मग भाजल्या कॉफीचा वास आत शिरला. “वासाचा नाका. अरे, खरंच की!” शाळेचं फाटक आलं. आज तिथे कुणी रडत नव्हतं, तरी त्यांनी ओळखलं. त्या सगळ्या संध्याकाळींतलं काहीतरी कानात पडून राहिलं होतं म्हणायचं. प्रत्येक थांब्याला ते आजींनी ठेवलेलं नाव घेत होते, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता, कारण एकात झाकण आणि दुसऱ्यात मी.

दाढीवाला पुतळा आला. ड्रायव्हर बाईने बस थांबवून पुतळ्यापलीकडे कुठेतरी हात केला, घाईघाईने काही समजावलं, झाकण घेतलं. तिला पुढे जाणं भाग होतं. आम्ही उतरलो.

चौक मोठा होता. चारी बाजूंना रूळ, चारी बाजूंनी ट्राम. आजोबांनी पुतळ्याकडे पाठ केली. तेवढं त्यांना आठवत होतं. आणि ते थांबले.

“पाठ केली की...” ते म्हणाले. “पाठ केली की काय? अगं, काय म्हणाली होतीस तू?”

उजवीकडे! मी ओरडत होतो. उजवीकडे, आजोबा, त्या घड्याळाच्या दुकानापुढची ट्राम! पण माझं ओरडणं मलाच ऐकू येत होतं. भर चौकात उभे राहून ते आजींच्या त्या एका वाक्याचा शेवट शोधत होते, आणि त्या जागी त्यांना फक्त पतपेढीचा अध्यक्ष सापडत होता. ते डावीकडे गेले. ट्राममध्ये चढले. टिंग, हिरवा दिवा. पूल ओलांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं. उतरले, चालत परत आले, धापा टाकत. पुन्हा पुतळा, पुन्हा पाठ. मग उजवीकडे.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मुलगा दारातच भेटला. त्याचा चेहरा बघूनच आजोबांनी ओळखलं.

“आत्ताच नेलं, बाबा. थांबवता येईल तेवढं थांबवलं मी. कुठे होतात तुम्ही?”

आजोबा बाकावर बसले. “काही बोलली?”

“तुमचीच चौकशी करत होती. म्हणाली, ते चुकले असतील, आल्यावर रागावू नकोस त्यांना.” मुलाने डोळे पुसले. “आणि मला म्हणाली, फोन करून सांग त्यांना, पुतळ्याकडे पाठ केली की उजवा हात. मी केला फोन, बाबा. तो घरी वाजत होता.”

मुलगा कागदावर सह्या करायला गेला.

मी हे सगळं त्या बाकावरूनच सांगतोय. समोर ते बंद दार आहे, त्याच्यावर लाल दिवा आहे. लाल म्हणजे आत जाता येणार नाही, एवढं माझ्या जातीला कळतं. तो हिरवा कधी होतो, होतो की नाही, ते मला माहीत नाही. बसच्या दाराची गोष्ट निराळी, तिथे माझं थोडं तरी चालतं. तुमच्या घरी कुणी रोज संध्याकाळी आपला दिवस सांगत असेल तर तेवढं वाक्य पुरं ऐकून घ्या हो, एवढीच माझी विनंती आहे. ऐकलेलं पुढे पोचवणं मला जमत नाही.

आजोबांनी मला दोन्ही तळहातांत धरलंय. माझ्यावरच्या मिटल्या डोळ्यांच्या आजींना ते हळू आवाजात आजचा प्रवास सांगतायत. चुकीच्या बाजूला उभा राहिलो ते. तुझी ती ड्रायव्हर भेटली, चांगली आहे गं बाई. ओली भिंत, वासाचा नाका, रडूबाई, आज ते पोर नव्हतं. मग दाढीवाला पुतळा. एकही थांबा ते गाळत नाहीत. मध्येच थांबून फोटोकडे बघतात.

“ऐकतेयस ना?” ते विचारतात.

आणि जरा वाट बघून पुढचा थांबा सांगू लागतात.