माझे पाय कापले, त्याची हकिकत

दचकू नका, बोलतो आहे तो मीच, मोरिवलीच्या एका कारखान्यातले माल भरण्याचे टेबल.

माझा जन्म जुन्या सागवानी दारांतून झाला. जनू सुताराने विचारले, "शेठ, उंची किती ठेवू?" मालक प्रमोदशेठ सहा फूट उंच. ते ऐटीत उभे राहिले आणि कोपर दुमडून म्हणाले, "हे बघ, इथपर्यंत. एकदम झक्कास!" जनूने तिथेच खूण केली. त्यानंतर शेठ माझ्यापाशी कामाला एकदाही उभे राहिले नाहीत.

उभ्या राहिल्या गोजरबाई, शेठच्या सदऱ्याच्या खिशाशी डोके लागेल एवढ्या उंचीच्या. पितळी तोटी उचलायची, कागदात गुंडाळायची, खोक्यात बसवायची, वर चिकटपट्टी लावायची. हे सारे त्या खांदे कानांना भिडवून करीत. शेजारी उंच कीर्ती. तिचे कोपर नेमके माझ्या कडेवर येई, त्यामुळे तिला माझ्यात काही खोट दिसत नसे.

पुढे गोजरबाईंचा उजवा खांदा धरला. मग उपचार सुरू झाले, सगळे त्यांच्यावरच. मलम आले. 'ताठ उभे राहा' अशी पाटी आली. पायांखाली खोके आले. त्यावरून चढउतार करून गुडघेही कुरकुरू लागले. शेवटी सकाळचा व्यायाम आला. पर्यवेक्षक महिपती ओरडले, "चला, हात वर!"

"साहेब, ते दिवसभर खाली येतात कुठे?" गोजरबाई म्हणाल्या.

महिपतींना हसू आले नाही. "मावशी, माल कमी निघतो तुमचा. दिवाळीनंतर उंच पोरी बघतो मी. पाच फूट पाचच्या वरच्या."

"पॅकिंग आहे का पोलीसभरती?" कीर्ती पुटपुटली.

सगळ्या हसल्या, गोजरबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांची चूल याच कामावर पेटत होती. माझे पाय वीतभर कापले असते तर प्रश्न मिटला असता. पण मी कारखान्याचे पहिले टेबल! "लक्ष्मीचं आहे ते, त्याला करवत लावायची नाही," असा शेठचा दंडक होता.

खंडेनवमीला माझी पूजा मांडली. शेठच्या आई चांगुणाबाई खरवईहून आल्या. त्याही गोजरबाईंएवढ्याच. टाचा उंचावून त्यांनी कसेबसे हळदकुंकू वाहिले.

"प्रमोद, अरे हे टेबल आहे की माळा?"

आरती सुरू झाली. ताट माझ्या कडेच्या वर धरून ओवाळता ओवाळता दुसऱ्याच कडव्याला त्यांचा हात थरथरू लागला. निरांजन कलंडणार, तोच गोजरबाईंनी ताट सावरले.

"हात भरून आला गं माझा."

"आई, तुमची आरती पाच मिनिटांची. आमची संध्याकाळी सहापर्यंत चालते."

टाळ्या थांबल्या. चांगुणाबाईंनी आधी गोजरबाईंच्या खांद्याकडे पाहिले, मग मुलाकडे. "याचे पाय काप."

"आई, लक्ष्मीचं टेबल आहे ते!"

"मग तिलाही वर चढता आलं पाहिजे ना!"

"पण आज हत्याराला हात लावत नाहीत."

"उद्या काप. दसऱ्याचा मुहूर्त आयताच आहे."

दुसऱ्या दिवशी जनू करवत घेऊन आला, तशी कीर्ती पुढे सरसावली. "ओ काका, मग मी काय वाकून मरू?" तिचेही खरेच होते. जनूने डोके खाजवले आणि मला मधोमध कापून दोन केले. नवे पाय जोडले आणि एका अर्ध्याचे पाय वीतभर कापले. एक अर्धा कीर्तीच्या कोपराशी, दुसरा गोजरबाईंच्या. बोलतो आहे तो मी बुटका अर्धा. उंच अर्ध्याचे आत्मवृत्त त्याने स्वतः सांगावे. हल्ली तो जरा ताठ्यात असतो.

गोजरबाई कामावर आहेत. उंच पोरींचा शोध महिपतींनी गुपचूप सोडून दिला. बाईंचे खांदे आता कानांपासून खाली उतरले आहेत. तरी गार हवेत उजवा ठणकतोच. लाकडाचे बरे असते, कमी पडले तर तुकडा जोडता येतो. माणसाच्या खांद्याला ती सोय नाही. म्हणून शेठलोकहो आणि सुतारहो, एवढेच मागणे: पेन्सिल टेकवण्याआधी, जो तिथे रोज उभा राहणार आहे त्याला बोलवा.

आता आवरतो. तोट्या आल्या आहेत, आणि गोजरबाई कीर्तीला ओरडत आहेत, "अगं, चिकटपट्टी दे की इकडे!"