एकवीस दिवसांची गाडी

"काका, सीटवर नीट बसा की. उजव्या हाताला कोणाची जागा धरून ठेवलीय?"

शेजारी बसलेला, जुन्या गाड्यांच्या दुकानातला कल्याण हसत म्हणाला. अप्पांनी खाली पाहिलं. खरंच, ते सीटच्या डाव्या कडेला सरकून, अंग तिरपं करून बसले होते. त्यांची मांडी आणि दार यांच्यामध्ये चांगली वीतभर जागा रिकामी होती.

"सवय हाय," अप्पा म्हणाले आणि तसेच बसून राहिले.

अप्पांनी एकतीस वर्षं राजूर ते अकोले काळी-पिवळी जीप चालवली होती. त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून पाच माणसं बसत. तिघं डावीकडे, आणि एक उजवीकडे, दाराला चिकटून. ड्रायव्हर मधल्या फटीत. उजवा पाय वाकडा घालून ब्रेक दाबायचा, गिअर टाकायचा तर शेजारच्याला म्हणायचं, "पाव्हणं, गुडघा घ्या." दीड वर्षापूर्वी जीप भंगारात गेली. अंगातला तिरपेपणा मात्र राहून गेला.

आज ते गाडी निवडायला संगमनेरला आले होते. मागच्या सीटवर सून ज्ञानेश्वरी आणि नऊ वर्षांची नात सृष्टी बसली होती. सृष्टीच्या हातात पाण्याची अर्धी भरलेली पारदर्शक बाटली होती.

सृष्टीला थॅलेसेमिया होता. अंगात रक्त टिकायचं नाही. दर एकविसाव्या दिवशी तिला पुण्याच्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवावं लागे. एसटीने जाऊन-येऊन सगळा दिवस मोडायचा, आणि जाताना तर पोरीच्या अंगात बसण्याइतकंही त्राण नसायचं. मागच्या खेपेला नारायणगावच्या स्टँडवर ती ज्ञानेश्वरीच्या हातातून खाली घसरली, ओठ पांढरेफटक. त्याच दिवशी चाकणच्या कंपनीतून ओंकारचा, अप्पांच्या मुलाचा, फोन आला होता : "अप्पा, आता गाडी घेऊच. मला रजा मिळत नाही, तुम्ही चालवणार असाल तर तुम्हीच निवडा. नसलं झेपत तर आत्ताच सांगा, ड्रायव्हर बघावा लागंल."

"परक्याच्या हातात पोरगी द्यायची व्हय?" अप्पा म्हणाले होते. "मी मेलोय का?"

पुढची तारीख पाच दिवसांवर होती.

सकाळी त्यांनी एक छोटी गाडी पाहिली. सीएनजीवर चालणारी, अ‍ॅव्हरेज भरपूर. अप्पांनी सृष्टीला मागच्या सीटवर आडवं व्हायला सांगितलं. तिचे गुडघे पोटाशी आले. अप्पांनी मान हलवली. "पावणेदोनशे किलोमीटर पोरगी मुटकुळं करून नेऊ का?"

आता ही दुसरी. उंच, डिझेलची, सात जण बसतील अशी. चढून बसल्याबरोबर अप्पांना घरी आल्यासारखं वाटलं होतं. पाय खाली लोंबतात, अंग हवं तसं वळवता येतं. चंदनापुरीच्या घाटापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं कल्याणशी ठरलं होतं.

बाटलीची युक्ती अप्पांची. निघायच्या आधी त्यांनी सृष्टीला जवळ बसवून समजावलं होतं : "हे बघ बाळा, कोनती गाडी आवडली हे मला सांगायचं न्हाई. रंग आवडतो, सीट आवडती, त्यात मन फसतं. तू नुसतं बाटलीकडं बघायचं. पानी नुसतं हललं, का झाकनाला लागलं, का फेस आला. पान्याचं पान्यासारखं सांगायचं."

"बरं," सृष्टी म्हणाली होती. ती सगळ्यालाच बरं म्हणायची. सुई टोचतानासुद्धा.

घाट चढताना अप्पांनी आरशात पाहिलं. जीपवाल्याची नजर रस्त्याइतकीच मागच्या माणसांवर असते. गाडी रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर उसळत होती. सृष्टीने एका हाताने बाटली धरली होती आणि दुसरा हात पोटावर घट्ट दाबला होता. ज्ञानेश्वरीने पिशवीतून प्लास्टिकची थैली काढून तिच्या हनुवटीखाली धरली.

"सवकाश घेऊ का?" अप्पांनी विचारलं.

"नको. बरं आहे," सृष्टी म्हणाली.

अप्पा परत फिरले. गाडीतून उतरताना त्यांचा अधूनमधून दुखणारा उजवा पाय काही दुखला नाही. पण मनात काहीतरी खुपत होतं.

तिसरी गाडी लांब होती, मागे डिकी असलेली, सीएनजीचीच. तिची सीट खाली, जमिनीलगत. अप्पा आत शिरले ते खोलगट खाटेत पडल्यासारखे. पाय पुढे लांब करून बसावं लागत होतं. त्यांनी सवयीने डावीकडे सरकायचा प्रयत्न केला, पण सीटच्या दोन्ही कडा उंच होत्या. सीटने त्यांना पुन्हा मधोमध आणून ठेवलं.

"आता कसं ड्रायव्हरसारखं दिसता," कल्याण म्हणाला.

गाडी निघाली आणि पाच मिनिटांतच मागचा आवाज बंद झाला. अप्पांनी आरशात पाहिलं. सृष्टी सीटवर पाय ताणून आडवी झाली होती, डोकं आईच्या मांडीवर. बाटली तिच्या छातीवर उभी होती, आणि पाणी नुसतं हलत होतं. गेल्या आठ दिवसांत पोरगी नीट झोपली नव्हती. आता तिचे डोळे मिटत होते.

घाटाच्या माथ्यावरून वळून अप्पांनी गाडी उताराला लावली. तोवर त्यांच्या उजव्या कमरेतून एक कळ निघून मांडीत उतरली होती. मग पोटरीत मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या. अप्पांनी दात आवळले. एवढा घाट उतरला की झालं.

पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रेलर जोडलेला. ऊस मागे हातभर बाहेर आलेला. अप्पांनी ब्रेक दाबला. निदान त्यांना तसं वाटलं. ट्रॅक्टर जवळ येत राहिला.

"काका," कल्याण म्हणाला.

अप्पांनी खाली पाहिलं. पाय ब्रेकवर नव्हताच. तो पेडलच्या शेजारी चटईवर पडला होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

"काका!"

अप्पांनी डावा पाय आडवा टाकून ब्रेकवर जोराने मारला. गाडी हिसका देऊन बंद पडली. काचेसमोर, वीतभर अंतरावर, उसाची टोकं हलत होती. ती हळूहळू लांब गेली. मागून ट्रकने कर्कश हॉर्न दिला. बाटली कुठेतरी गडगडली.

"ब्रेक बघता का जीव घेता?" कल्याणचा चेहरा पांढरा झाला होता.

"ब्रेक चांगले हायेत," अप्पा म्हणाले. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मांडी चोळत पाय जागा होईपर्यंत बोनेट उघडून काहीबाही पाहिल्यासारखं केलं. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, कडेकडेने, ते संगमनेरला परतले.

दुकानासमोर उतरताना त्यांनी दोन्ही हातांनी उजवी मांडी उचलून बाहेर ठेवली. ज्ञानेश्वरी कल्याणशी बोलत होती, तिने पाहिलं नाही. सृष्टीने पाहिलं.

तेवढ्यात ओंकारचा फोन आला. ज्ञानेश्वरीने स्पीकर लावला.

"अप्पा, झालं का पक्कं? कोणती जमतीय तुम्हाला?"

अप्पा काही बोलायच्या आत सृष्टी पुढे झाली. "पप्पा, ती उंच गाडी. तिच्यात पाणी अजिबात हललं नाही. ह्या लांब गाडीत लई हललं, झाकणाला लागलं."

ज्ञानेश्वरी चमकली. "सृष्टे, अगं उंच गाडीत तर तुला..."

"मला काही नाही झालं!" सृष्टी जोरात म्हणाली. "उंच गाडी चांगली. अप्पांना पण तीच आवडली. हो ना अप्पा?"

तिने आजोबांकडे पाहिलं. त्या पिवळट, थकलेल्या चेहऱ्यावर एवढी धडपड अप्पांनी कधी पाहिली नव्हती. एक 'हो' म्हटलं की संपलं. उंच गाडी घरी येईल, तिचं स्टेअरिंग आपल्या हातात राहील. पोरगी तोंडाला थैली लावेल आणि प्रत्येक वेळी बरं आहे म्हणेल. वर्षाकाठी सतरा वेळा जाणं आणि सतरा वेळा येणं.

"ओंकार, दोन मिन्टं थांब," अप्पा म्हणाले.

ते दुकानाच्या पायरीवर बसले आणि सृष्टीला समोर उभं केलं. त्यांना घाई नव्हती, निदान आवाजात तरी नव्हती.

"बाळा, पान्याचं काय ठरलं हुतं आपलं?"

सृष्टी पायाने पायरीजवळची धूळ उकरू लागली.

"मी रागावनार न्हाई. परत सांग. उंच गाडीत पानी कुठवर गेल्तं?"

"...झाकणापर्यंत."

"आन् ह्या गाडीत?"

"माहीत नाही. मला झोप लागली होती."

"मग?"

"पण ह्या गाडीत तुमचा पाय..." आणि पुढचं बोलणं रडण्यात गेलं. "तुम्ही नाही आलात तर मला नाही जायचं पुण्याला!"

ज्ञानेश्वरी फोन धरून तशीच उभी होती. कल्याण आत जाऊन कागद चाळू लागला.

अप्पांनी पोरीला जवळ ओढलं. तिची बोटं गार होती. ती त्यांनी आपल्या मुठीत धरली.

"येनार न्हाई असं कोन म्हनलं?" ते म्हणाले. "येनार की. चालवनार न्हाई, एवढंच."

मग त्यांनी सुनेकडे मान वळवली. "ज्ञानू, तुझं लायसन कुठं हाय?"

ज्ञानेश्वरीने दोन वर्षांपूर्वी अकोल्यात गाडी शिकून लायसन काढलं होतं. तेव्हा अप्पा म्हणाले होते, "आपल्या घाटात बाईमानसाचं काम न्हाई." त्यानंतर घरात तो विषय कोणी काढला नव्हता.

"पर्समध्ये आहे," ती हळूच म्हणाली. "पण अप्पा, मला सराव नाही. एवढ्या लांब... आणि घाट..."

"चार दिस हायेत. सकाळ-संध्याकाळ बसू. तुला घाट असा शिकवतो, की गाडीला कळनार बी न्हाई कदी चढली आन् कदी उतरली. आन् मी चुकलो हुतो तवा."

ज्ञानेश्वरीने पदराने नाक पुसलं. "ओरडणार नाही ना पण?"

"ओरडंन. ओरडल्याबिगर ड्रायव्हर हुत न्हाई."

सृष्टी रडता रडता हसली. फोनमधून ओंकार म्हणाला, "मग कोणती अप्पा?"

"लांब डिकीवाली," अप्पा म्हणाले. "पोरगी झोपली तिच्यात."

चार दिवस ते सुनेशेजारी बसून ओरडले. क्लच, क्लच! बघतीस काय, वळन हाय! असं हळू, हां, असं. दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी रडली. तिसऱ्या दिवशी तिने उलट उत्तर दिलं, "अप्पा, मला दिसतंय वळण!" तेव्हा अप्पा गप्प झाले आणि त्यांच्या लक्षात आलं, की आता ही नेईल.

पाचव्या दिवशी उजाडल्यावर ते निघाले. ज्ञानेश्वरीने आरसा आपल्या उंचीला वळवून घेतला. अप्पा मागे बसले. सृष्टी आडवी झाली आणि तिने डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. गाव मागे पडायच्या आत तिला झोप लागली.

राजूर-अकोले रस्त्यावर जीपवाल्यांची एक रीत होती. समोरून ओळखीची गाडी आली की स्टेअरिंगवरचा हात सोडायचा नाही, नुसती चार बोटं वर करायची. दिवसातून वीस वेळा ती बोटं वर व्हायची. भांडण असलं तरी व्हायची.

वळणावरून एक काळी-पिवळी आली, माणसांनी गच्च भरलेली. तिच्या ड्रायव्हरने बोटं वर केली. मागच्या सीटवर अप्पांचा हात आपोआप मांडीवरून उचलला गेला.

पण तो अप्पांकडे बघत नव्हता, चार दिवस याच रस्त्यावर दिसलेल्या ज्ञानेश्वरीकडे बघत होता. ज्ञानेश्वरी क्षणभर गोंधळली. मग तिने स्टेअरिंगवरची चार बोटं वर केली.

जीप निघून गेली. अप्पांचा हात तसाच हवेत राहिला होता. त्यांनी तो सावकाश खाली आणला आणि पोरीच्या कपाळावर आलेले केस मागे सारले.