उंबराला आलेल्या देवी

उंबर शेवटी वाचला. पण हे वाक्य झालंच नाही असं धरून पुढं चालायचं, कारण त्या मार्च महिन्यात खंडेरावला हे कुणी सांगितलं असतं तरी त्याला खरं वाटलं नसतं. चांगली बातमी कानावर आली की आता पुढं काय वाईट वाढून ठेवलंय, याची तो वाट बघत बसायचा. वाईट बातमी आली की बरं वाटायचं; निदान वाट बघणं तरी संपायचं.

तर उंबराचं काय होणार, कुणालाच माहीत नव्हतं.

खंडेरावच्या आजोबांच्या काळात मेंढरं हिंडायची आणि शहर एका जागी बसून असायचं. आता शेळ्या दावणीला होत्या आणि शहर हिंडत होतं. ते पैठण रोडनं चरत चरत वस्तीपर्यंत आलं, त्यानं माळ खाल्ला, ओढा खाल्ला, आणि रस्ता रुंद करायचा म्हणून उंबराच्या बुंध्यावर पांढरा पट्टा मारून ठेवला. उंबर दत्ताचा, तो तोडत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. पण रस्त्याच्या नकाशावर दत्त दाखवलेला नव्हता. अडचण एवढीच होती की निरोगी झाड तोडायला परवानगी लागायची, परवानगीला समिती लागायची, आणि समितीची बैठक काही केल्या भरत नव्हती. त्या न भरणाऱ्या बैठकीवर खंडेरावच्या मायच्या, बानाबाईच्या, शेळ्या जगत होत्या.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता. चारा छावणीत बैलाला जागा होती, शेळीला नव्हती. शेळी आपलं आपण बघून घेते असा सगळ्यांचा समज. वस्तीच्या आसपास हिरवं म्हणावं असं एकच उरलं होतं, हा उंबर. तोही मुळाशी पाण्याचा पाइप गळत होता म्हणून. एरवी चिमणी ओरडली तरी तक्रार करणारी वस्ती या गळतीबद्दल तोंडातून ब्र काढत नव्हती.

रोज सकाळी ॲपे रिक्षा रस्त्यावर काढायच्या आधी खंडेराव आकडीनं, म्हणजे लांब काठीला बांधलेल्या कोयत्यानं, चार फांद्या पाडायचा. शेळ्यांचं तेवढ्यावर भागायचं. उंबर गेला असता तर पुढच्या बाजारी शेळ्या खाटकाच्या दोरीला गेल्या असत्या. आणि शेळ्या नसलेल्या दिवशी सकाळी उठून काय करायचं असतं, हे त्याच्या मायला माहीत नव्हतं. तसा दिवस तिनं जन्मात बघितला नव्हता. खंडेरावला तो तिला दाखवायचा नव्हता. त्याची सगळी काळजी एवढीच, फक्त त्या काळजीला सुट्टी नव्हती.

एका सकाळी फांदी खाली आली ती फोडांनी भरलेली. वाटाण्याएवढे, गोल, टणक. काही हिरवे, काही लालसर. एकेका पानावर यात्रेला जमावेत तसे दाटीनं बसलेले.

"माय, ह्ये काय गं?"

बानाबाईनं पान हातात घेतलं, उलटं केलं, अंगठ्यानं चाचपलं. मग डोक्यावर पदर घेतला आणि झाडाला हात जोडले.

"देवी आल्यात."

"झाडाला?"

"मेंढराला येत्यात, लेकराला येत्यात. झाडाला काय जीव नाय का?"

देवी आल्या की त्यांना पाहुण्यासारखं वागवायचं, हे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आजार म्हणायचं नाही. दाराला कडुलिंब बांधायचा. चिरायचं नाही, कापायचं नाही, दाढी करायची नाही. आणि फोडणी तर मुळीच द्यायची नाही, कारण तेलाचा चर्र आवाज आणि वास देवीला खपत नाही. बानाबाईनं यातलं एकही कलम वगळलं नाही. बुंध्याला कडुलिंब बांधला, पांढऱ्या पट्ट्यावरच हळद-कुंकू लावलं, आणि आकडी पत्र्यावर फेकून दिली.

"मग शेळ्यांनी खायचं काय?"

"तोंडानं खातील की. कोयता चालायचा नाय. शेळीचं तोंड चालतंय. शेळी देवीचीच हाये."

शेळीचं तोंड फांदीपर्यंत पोचत नव्हतं. तेव्हा दुसऱ्या दिवसापासून ॲपे उंबराखाली उभी राहू लागली, आणि शेळ्या एकीमागं एक टपावर चढून न्याहारी करू लागल्या. खाली आत बसलेले पॅसेंजर डोक्यावरची खुरं ऐकत राहायचे.

"दादा, क्रांती चौक जायचाय, उशीर होतोय."

"ह्यांचं उरकू द्या. वर बसल्यात त्या बिगरभाड्याच्या हायत, पण आधी आल्यात."

बोलायचा तो असं, पण मनात वेगळंच होतं. झाडाच्या देवी शेळ्यांना लागल्या तर? रोज संध्याकाळी तो एकेका शेळीची कास, कान, ओठ चाचपून बघायचा. लिंबाचं बी चिकटलेलं दिसलं तरी त्याला घाम फुटायचा. त्याची बायको अक्षदा सातव्या महिन्यात होती. ती उंबऱ्यात बसून हे बघायची.

"आवो, कधी माझ्याकडं बी बघा. मी बी गाभणच हाये."

"तुला कुठं फोड आलेत?"

"आल्यावरच इचारनार का?"

जेवायला फोडणीविना वरण होतं. पिवळं पाणी, वर मीठ. जनावरांच्या डॉक्टरांना त्यानं फोन लावला, तर ते म्हणाले आजारी शेळी घेऊन या. शेळी अजून आजारी नव्हती. ती आजारी पडेपर्यंत थांबायला खंडेराव मोकळा नव्हता.

औरंगपुऱ्यातून जाताना त्याला एका दवाखान्याची पाटी दिसायची: फोड, पुरळ, गाठी, चामखीळ, सर्व उपचार. पाटीवर माणसांचे असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. त्यानं चांगलं भरलेलं एक पान ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि गेला.

"पेशंटचं नाव?" काउंटरवरच्या बाईनं विचारलं.

"उंबर."

"आडनाव?"

"लावत नाय."

"वय?"

"आज्ज्याच्या आधीचा हाये."

"बापरे. सोबत आणलंय का त्यांना?"

खंडेरावनं फडकं उघडलं. बाकावरची माणसं एकदम सरकली आणि बाक एका टोकाला उचलला गेला. सरकला नाही तो एकच, मान खाजवत बसलेला एक जाडजूड माणूस. त्याचं नाव बद्रीनाथ. रुंदीकरणाच्या कामावरचा तो मुकादम होता, पण हे खंडेरावला माहीत नव्हतं. त्यानं पान हातात घेऊन इतक्या आपुलकीनं बघितलं की खंडेरावचा ऊर भरून आला. मायनंतर असल्या पानाकडं पंधरा दिवसांत नीट बघणारा हा पहिलाच.

"लईच फोड की. कुठलं झाड हाये?"

खंडेरावनं सगळं सांगितलं. कुठली वस्ती, कुठला फाटा, पांढरा पट्टा कुठल्या बाजूला. बद्रीनाथचं खाजवणं थांबलं.

"म्हंजी ते रोगट झालं म्हना."

"तसं नाय साहेब, आमची माय म्हनती..."

"आरं, निरोगी झाडाला समिती लागती. रोगट झाड कधी पडंल सांगता येत नाय, ते सरळ काढता येतं. सहा महिने अडकून पडलो होतो त्याच्यापायी. लई उपकार झाले तुझे, भाऊ! उद्या सकाळीच मानूस आनतो."

खंडेराव शब्द परत घ्यायला गेला, तोवर त्याचा नंबर लागला. त्याला आत बोलावलं. डॉक्टरांनी भिंगातून पान बघितलं, हसले, आणि हे माणसाचं काम नाही म्हणून परत दिलं. मलमसुद्धा दिलं नाही. मलम दिलं नाही, म्हणजे हाताबाहेर गेलं असणार, असं मनात धरून तो बाहेर पडला.

रात्रभर तो कूस बदलत राहिला. झाडाचं आपणच वाटोळं केलं, हे मायला सांगायची त्याची छाती झाली नाही. उजाडता उजाडता त्याला सुकेशनी मॅडम आठवल्या. त्या कॉलेजात झाडांबद्दल शिकवायच्या आणि रोज त्याच्याच ॲपेनं जायच्या. झाड रोगट नाही असं त्या म्हणाल्या, तर मुकादमाला सांगता येईल. तो त्यांच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला.

"खंडेराव, आज रविवार आहे," मॅडम दात घासत बाहेर आल्या.

"मॅडम, मला काय नाय, पानाला झालंय."

मॅडमनी चूळ भरली, ब्लेड आणलं आणि एक फोड मधोमध चिरला. देवी चिरली म्हणून खंडेरावनं डोळे मिटले. उघडले तेव्हा फोडाच्या पोकळीत तिळाएवढा एक फिकट किडा बसला होता. दार न वाजवता कुणी आत यावं तसा बावरून बघत होता.

"हे त्याचं घर," मॅडम म्हणाल्या. "कोवळ्या पानावर अंडं पडतं, आणि पान त्याच्याभोवती फुगून गाठ तयार करतं. खोली झाडाची, भाडेकरू हा."

"रोग नाय?"

"नाही. झाडाला याचं फारसं काही होत नाही. शेळ्यांनाही हे लागायचं नाही. नवी पालवी आली की नव्या गाठी येतील, एवढंच. आणि तोंड काय वाकडं करताय? बाळाच्या गुटीत मायफळ उगाळतात ना? ते तरी कुठं फळ आहे? दूरदेशी ओक म्हणून झाड असतं, त्यावरची ती अशीच गाठ. तेही एका किड्याचं घरच."

"म्हंजी मायनं मला किड्याचं घर चाटवलं?"

"सगळ्या महाराष्ट्राला चाटवलंय."

खंडेरावनं ॲपे पळवली. रोग नाही! निम्म्या रस्त्यात त्यानं काय बोलायचं ते घोकायला घेतलं: साहेब, रोग नाय, देवी नाय, नुसते किडे हायत. दुसऱ्यांदा घोकताना तो अडखळला. नुसते किडे. म्हणजे किडलेलं झाड. मुकादम 'किडे' एवढंच ऐकणार, आणि माय 'देवी नाय' एवढंच. त्याच्या हातात खरं होतं, आणि ते कुठल्याही बाजूनं धरलं तरी कापत होतं.

उंबराखाली गर्दी होती. करवत चालवणारा धोंडिबा तयारीनं आला होता. दत्ताची माफी मागून त्यानं नारळही फोडला होता. दत्त समजूतदार, एका नारळावर ऐकतो. पण मशीनची दोरी ओढायला हात घातला तेव्हा त्याला बुंध्याचा कडुलिंब दिसला, आणि बुंध्याला पाठ लावून बसलेली बानाबाई.

"देवी आल्यात," ती म्हणत होती. "त्या गेल्यावर काय करायचं ते करा."

धोंडिबानं मशीन खाली ठेवली होती. "साहेब, नातीला देवी आल्या व्हत्या तवा मी घरात लिंबू चिरला नाय. हितं करवत घालू?"

"आरं, रोग हाये त्यो! डॉक्टरकडं गेलं व्हतं ते पान, मी सोता बघितलंय." बद्रीनाथला ॲपे दिसली. "हा बघा आला. ये रं, तूच सांग ह्यांला. काय हाये ते? रोग का देवी?"

सगळे खंडेरावकडं बघू लागले. बानाबाईही बघत होती. ॲपे थांबल्या थांबल्या टपावर चढलेली शेळीही खायची थांबून बघत होती. खंडेरावच्या तोंडात किडा होता. तो त्यानं गिळला.

"देवी आल्यात."

"मंग डॉक्टर काय म्हनला?"

"मानसाचं काम नाय म्हनला. मलम बी दिलं नाय."

धोंडिबानं झाडाला हात जोडले. बद्रीनाथनं मान खाजवायला हात वर नेला, आणि तो हात तिथंच राहिला. काल त्यानं ते पान याच हातात धरलं होतं. तो दोन पावलं मागं सरकला.

"साहेब, तुमची मान कधीपासनं..." धोंडिबानं हळूच विचारलं.

"गप."

"न्हाय, इचारलं आपलं."

"तोंडी नाय चालायचं," बद्रीनाथ म्हणाला. काम का थांबलं ते त्याला वर सांगायचं होतं. दुपारी त्यानं लांबूनच, काठीला अडकवून, झाडावर कागद लटकवला: सदर झाडावर वास्तव्यास असलेल्या देवींना कळविण्यात येते की त्यांनी आपला मुक्काम हलवून तसे लेखी कळवावे.

देवींनी काही कळवलं नाही. नवी पालवी आली, नव्या देवी आल्या. रस्त्यानं शेवटी कंटाळून उंबराला वळसा घातला. धोंडिबा दर अमावास्येला नारळ घेऊन येतो आणि देवी आहेत का, घरात पथ्य पाळताहेत का, ते बघून जातो. त्यामुळं खंडेरावला गिळलेलं ते खरं सुकेशनी मॅडमशिवाय कुणाशी बोलता येत नाही, आणि मॅडम म्हणतात, मला कॉलेजला उशीर होतोय.

शेळ्या टपावर चढतात. बानाबाई खालून त्यांना शिव्या घालते. अक्षदाला मुलगी झाली. तिच्या गुटीचं मायफळ उगाळताना खंडेराव आधी ते कानाशी धरून हलवून बघतो. आणि रोज फोडणीविना वरण समोर आलं की चूल आणि उंबर दोन्हीकडं एकदा बघून, ताट बाजूला सारून, मुकादमाच्या त्या कागदाच्या थाटात मायला म्हणतो:

"मेहेरबान बानाबाई यांस अर्ज करण्यात येतो की, झाडावरील देवींचा मुक्काम कायम ठेवून, आठवड्यातून निदान एकदा, घराबाहेर, वारा उंबराकडून इकडं वाहत असताना, लसूण-जिऱ्याची एक लहान फोडणी मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती."