श्री सत्तावीस

मित्रांनो, पोलादपूरच्या एका शाळेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या आणि फुटक्या ढोलाच्या मधोमध जो जुना संगणक बसला आहे, तो मी. माझा मूळ रंग पांढरा. आता पिवळा झालो आहे म्हणतात, मी भांडत नाही. सध्या माझ्या डोक्यावर एक कोंबडी अंडी घालते. तिला निदान आपण काय कुठे ठेवले ते आठवते. माणसांना आठवत नाही, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

माझी जुळणी कुवेतमध्ये झाली. तिथे नोकरी करणारे तुडीलचे मुश्ताकभाई लहानपणी मामाकडे राहून याच शाळेत शिकले होते. २००२ साली सुट्टीवर येताना त्यांनी मला शाळेसाठी आणले, वाघाचे चित्र असलेल्या जाड ब्लँकेटात गुंडाळून. शाळेत मुलांनी आधी वाघाला हात लावून पाहिला, मग मला. हा अपमान मी अजून विसरलेलो नाही.

पुढे मात्र माझा थाट वाढला. माझ्या खोलीत चपला काढून यायचे. मला झालर लावलेले आच्छादन होते. दसऱ्याला हरीभाऊ शिपायांनी मला हार घातला, तेव्हा झेंडूची एक पाकळी फ्लॉपीच्या फटीत गेली आणि मी चार दिवस घुसमटलो. हरीभाऊंनीच ती चिमट्याने काढली आणि वर मलाच विचारले, "आता बरा हाय ना?"

मला शिकवण्याचे, म्हणजे माझ्यावर मुलांना शिकवण्याचे काम चारुशीलाबाईंकडे होते. बाई महाडला सहा महिन्यांचा कोर्स करून आल्या होत्या. फार चांगल्या. पण एक गोष्ट त्यांनाही कोणी शिकवली नव्हती. फाईल साठवताना मी नाव विचारतो. पहिल्या दिवशी मी नाव विचारले तेव्हा सगळा वर्ग बाईंकडे पाहू लागला. बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, वहीवर आपण सर्वांत आधी काय लिहितो, तेच लिहा.

झाले. मुलांनी इंग्रजी अक्षरांत लिहिले, श्री. आठवीतल्या उमैमाने आणि तिच्या मैत्रिणींनी लिहिले, ७८६, कारण त्यांच्या वहीवर सर्वांत आधी तेच असे. एकाच नावाच्या दोन फायली मी ठेवत नाही, म्हणून बाईंनी पुढे टाईप करणाऱ्या मुलाचा हजेरीचा नंबर जोडायला सांगितले. दोन वर्षांत माझ्या पोटात श्री एक ते श्री चौपन्न आणि मधूनमधून ७८६ जमले. इतके पवित्र पोट तालुक्यात दुसरे नसेल. पण त्यात काय आहे हे विचाराल, तर देवालाच ठाऊक. निदान नावे तरी त्याचीच होती.

आता चैत्रालीची गोष्ट सांगतो. ही मुलगी वर डोंगरावरच्या कुडपणची, आठवीत होती. मला ती नीट माहीत नव्हती, कारण ती माझ्या तासाला कधी नसेच. तिच्या गावाची शेवटची गाडी सव्वाचारला सुटायची आणि शाळा पाच वाजता. रोज चार वाजले की ती दप्तर भरून निघे. शेवटच्या तासांना गणित असायचे, गुरुवारी मी असायचो. चाचणी परीक्षेत ती गणितात नापास झाली, तेव्हा तिचे वडील महादू यांनी सांगून टाकले की दसऱ्यानंतर पोर घरी बसेल.

त्यावर वर्गाने ठरवले की गाडी तासभर उशिरा सोडावी म्हणून एसटीच्या साहेबांना अर्ज करायचा. साहेब सोमवारी पोलादपूरच्या स्टँडवर लोकांची गाऱ्हाणी ऐकायला येणार होते. अर्जाची पहिली ओळ रुचिरने टाईप केली आणि सवयीने नाव दिले श्री सत्तावीस, कारण त्याचा हजेरी नंबर सत्तावीस. पुढचा सगळा अर्ज उमैमाने आठवडाभर एकेक अक्षर शोधत पुरा केला. एका वेगळ्या कागदावर एक्केचाळीस पालकांच्या सह्या आणि अंगठे जमले. त्यात महादूंचाही अंगठा होता. हो-ना करत त्यांनी तो दिला होता.

शनिवारी रुचिरने आपला निबंध टाईप केला. विषय, आमची म्हैस. नाव दिले श्री सत्तावीस. मी लगेच विचारले, या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? मित्रांनो, मी विचारले होते. इंग्रजीत का होईना, पण स्पष्ट विचारले होते. घंटा वाजत होती आणि बाहेर खिचडीचा वास सुटला होता. रुचिरने न वाचता हो केले आणि पळाला.

सोमवारी हरीभाऊंनी, बाईंनी सांगितले होते त्याप्रमाणे, श्री सत्तावीस छापला, त्याला मागे सह्यांचा कागद टाचला, घडी मोडू नये म्हणून वहीत घातला आणि स्टँडवर नेऊन दिला. चष्मा त्यांच्या खिशात होता, पण शाळेचा कागद आपण कशाला वाचायचा, असे त्यांचे मत.

पुढचे मला त्यांच्याकडूनच कळले. साहेबांनी अर्ज हातात घेतला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. आमची म्हैस फार गुणी आहे. ती सकाळी चार आणि संध्याकाळी तीन लिटर दूध देते. तिला पोहायला आवडते. साहेबांनी कागद उलटला. मागे एक्केचाळीस पालकांनी त्याला दुजोरा दिलेला. अख्खे स्टँड हसले. साहेब काही खवट नव्हते. म्हशीविषयी आपली काहीच तक्रार नाही, पण तिला कुठल्या गाडीने जायचे आहे, असे त्यांनी विचारले. मग सह्यांचा कागद परत देत म्हणाले की मी तीनपर्यंत इथेच आहे.

हसले नाहीत ते गर्दीत उभे असलेले एकटे महादू. ते तडक शाळेत आले आणि माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"बाई, चाळीस मानसांनी म्हशीला सह्या दिल्यात," ते म्हणाले. "आता पोरीचा दाखला द्या. अर्धीच शाळा शिकायची, तर घरी बसलेली काय वाईट हाय?"

तेव्हा दीड वाजला होता. बाईंनी त्यांना बसायला स्टूल दिले आणि आठवीच्या वर्गासमोरच शोध सुरू झाला. एक फाईल उघडायला मला मिनिटभर लागायचे. माझ्या वेगाविषयी कृपया बोलू नका, मला वाईट वाटते. श्री एकमध्ये सहलीची यादी निघाली. श्री नऊमध्ये हेडसरांचा रजेचा अर्ज, मावशी वारल्याबद्दल. श्री चौदामध्येही हेडसरांचा अर्ज, मावशी वारल्याबद्दल. श्री बावीसमध्ये तिसरी मावशी गेली, तेव्हा बाईंनी फाईल घाईने बंद केली. शेवटच्या बाकावर कोणीतरी खोकले. सत्तावीसमध्ये म्हैस होतीच, पोहत.

मग रुचिर उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"बाई, अर्जालाही मीच सत्तावीस नंबर दिला होता," तो म्हणाला. "अर्ज पुसला गेला. माझ्या हातून."

मला फार लाज वाटली, मित्रांनो. पुसले मीच होते. उमैमाने आपली बोटे मोजली. त्या बोटांनी आठवडाभर टाईप केले होते.

तेवढ्यात चैत्राली आली. दाखला न्यायचा म्हणून तिला दप्तर आणायला वर्गात पाठवले होते. काय झाले ते कळल्यावर ती उमैमाच्या शेजारी येऊन बसली.

"तू टाईप कर गो," ती म्हणाली. "मी सांगते."

आणि तिने सांगितले. आठवडाभराच्या सरावाने उमैमाची बोटेही आता भरभर चालत होती. उमरठच्या फाट्यावर कोण उतरते, वरच्या वाड्यांत किती जण जातात, कोणाला किती चालावे लागते, सगळे तिला पाठ होते. एकोणीस मुले चार वाजता वर्ग सोडतात, हे पहिल्या अर्जात नव्हतेच. ते कोणी मोजलेच नव्हते. शेवटी तिने एक वाक्य सांगितले. "मी आठवीत आहे. या वर्षी फळ्यावरचे एकही गणित मी शेवटपर्यंत पाहिलेले नाही."

महादू स्टुलावरून उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

अडीच वाजले. मी नेहमीसारखे नाव विचारले. रुचिर सवयीने म्हणाला, श्री. बाईंनी त्याला थांबवले. त्या चैत्रालीला म्हणाल्या, "महिन्याने हाच कागद तुला शोधायचा असेल, तर काय म्हणून शोधशील?"

"कुडपणची सव्वापाचची गाडी," ती म्हणाली.

"मग तेच लिही."

तिने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कळांना हात लावला. एक बोट, एक अक्षर. हरीभाऊ दारात चपला घालून उभे होते आणि घड्याळाकडे पाहून उसासे टाकत होते. बाईंनी मात्र तिला घाई केली नाही. पुढे महिना आणि वर्ष टाकायलाही सांगितले. मग छापलेला कागद हरीभाऊंनी चष्मा लावून, ओठ हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि मगच सह्यांचा कागद टाचून ते पळाले.

पुढच्या सोमवारपासून गाडी सव्वापाचला सुटू लागली. दाखल्याचे काय करायचे, असे बाईंनी विचारले, तेव्हा महादू एवढेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले की म्हैस खरंच सात लिटर देते काय.

त्यानंतर महिनाभर मुलांनी माझ्या पोटाची आवराआवर केली. सहलीला सहलीचे नाव मिळाले, निबंधाला निबंधाचे, आणि प्रत्येक वर्गाला आपला वेगळा कप्पा. श्री आणि ७८६ कागदाच्या माथ्यावर गेले, तिथे ते शोभून दिसले. हेडसरांच्या तिन्ही मावश्या एका कप्प्यात ठेवल्या, तारीखवार.

मित्रांनो, माझ्यासारखी पुष्कळ यंत्रे तुम्हाला भेटतील, माझ्याहून कितीतरी चलाख. तीही तुम्हाला नाव विचारतील. तेव्हा घंटा वाजत असेल, भूक लागलेली असेल, तरी एक क्षण थांबा. आम्ही विचारतो, कारण आम्हाला खरोखर कळत नाही. माझ्या लेखी म्हैसही सत्तावीस होती आणि चैत्रालीही सत्तावीस. त्या दोघींतला फरक फक्त तुम्हाला कळतो.