मॅडमचे मिस्टर

अर्ध्या गालाला साबण लावलेला असताना फोन वाजला, आणि सरांनी तो तसाच उचलला. बाई अंघोळीला गेल्या होत्या. पलीकडे कुलगुरूंचा स्वीय सहायक होता. तो म्हणाला, यंदाच्या उत्कृष्ट अध्यापक पुरस्काराची निवड काल संध्याकाळी झाली. जाहीर व्हायला अजून अवकाश आहे, पण घरी आधी कळवा असं कुलगुरू म्हणाले. मनापासून अभिनंदन.

सरांनी डोळे मिटले. हा क्षण त्यांनी मनातल्या मनात इतक्या वेळा जगून पाहिला होता, की शब्द शोधावे लागले नाहीत.

"अहो, त्यात काय एवढं," ते म्हणाले. "वर्गात उभं राहायचं आणि मन लावून शिकवायचं. दुसरं काय केलं मी? पण आनंद झाला. कुलगुरूंना तसं सांगा."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मग सहायक फार अदबीनं म्हणाला, "सर, मॅडम आहेत का घरात? त्यांच्याशी बोलायचं होतं."

साबण वाळून गाल ओढल्यासारखा झाला, तरी सर फोनपाशीच उभे होते. बाई ओल्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर आल्या, फोनवर "हो... हो... नक्की का?" एवढंच बोलल्या, आणि रिसिव्हर ठेवून खुर्चीत बसल्या. "काहीतरी गोंधळ झाला असेल हो त्यांचा," त्या म्हणाल्या.

"मलाही तसंच वाटतंय," सर म्हणाले, आणि उरलेली दाढी करायला आत गेले. हनुवटीला दोन ठिकाणी कापलं.

सर भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव गडगडाट ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं. मोठ्या सभागृहात माइक न घेता ते शिकवत. त्यांचा गुरुत्वाकर्षणावरचा तास ऐकायला दुसऱ्या शाखांची मुलं येऊन पायऱ्यांवर बसायची. एका हातानं फळ्यावर वर्तुळ काढायचं आणि त्याच वेळी मागं वळून विनोद करायचा, ही त्यांची खासियत. दरवर्षी पुरस्कार जवळ आला की खात्यातले लोक म्हणायचे, यंदा तुम्हीच. दरवर्षी तो दुसऱ्या कुणाला तरी जायचा, आणि सर पहिल्या रांगेत बसून जोरजोरात टाळ्या वाजवायचे.

बाई गणित शिकवायच्या, पण गणिताच्या खात्यात नव्हे. मुलीला मोठं करून, सासूचं आजारपण काढून त्या उशिरा नोकरीला लागल्या, आणि त्यांच्या वाट्याला आला पूर्वतयारीचा वर्ग. प्रवेश मिळालाय पण गणित कच्चं आहे, अशा मुलांना कुणीतरी अपूर्णांकांपासून सुरुवात करून द्यावी लागते. ते काम कुणालाच नको असायचं. ग्रंथालयाच्या मागच्या बैठ्या इमारतीत, पूर्वी तुटक्या खुर्च्या ठेवत त्या खोलीत, हा वर्ग भरायचा. विद्यापीठात बाईंना कुणी नावानं ओळखत नव्हतं. सरांच्या मिसेस, एवढीच त्यांची ओळख.

ती ओळख आठवडाभरात उलटी झाली. बातमी सूचनाफलकावर लागली त्या दिवशी कॅन्टीनमध्ये रसायनशास्त्राचा एक नवा प्राध्यापक सरांच्या समोर येऊन बसला आणि आपल्या पाहुण्याला म्हणाला, "हे मॅडमचे मिस्टर." सर हसले. मॅडमना काय आवडतं, त्या घरी तयारी कधी करतात, अशा प्रश्नांना त्यांनी उत्तरंही दिली. देताना त्यांच्या लक्षात आलं, की निम्मी उत्तरं ते आपल्याच मनची देत आहेत. बाई तयारी कधी करतात, हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी लोकांना सांगायला एक वाक्य तयार केलं होतं: "पन्नाशीच्या पुढं कौतुक झालं, बरं झालं, तिला हुरूप येईल." आणि स्वतःला सांगायला दुसरं: खोलीभर पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवणं वेगळं, आणि भरलेलं सभागृह हलू न देणं वेगळं. हे दुसरं वाक्य ते चालताना, जेवताना, पुस्तक वाचताना मनात घोळवत. पण त्यानं ठसठस कमी होत नव्हती. बाईंना अभिनंदनाचा फोन आला की ते टीव्हीचा आवाज जरासाच वाढवायचे. बाई फोनची लांब वायर ओढत स्वयंपाकघरात जायच्या.

लेकीचा परदेशातून फोन आला. ती आईशी कितीतरी वेळ बोलली, मग म्हणाली, बाबांना दे.

"बाबा, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"वेडी आहेस का तू," सर म्हणाले.

"नाही, सहजच विचारलं."

सहज विचारलेलं ते त्यांना फार लागलं. पोरीनं ते ओळखावं, तेही इतक्या लांबून.

दुसऱ्याच दिवशी, आपला तास लवकर सोडून, ते ग्रंथालयाच्या मागं गेले. इतक्या वर्षांत ते त्या इमारतीत कधी शिरले नव्हते. व्हरांड्यात वर्गाच्या दाराशेजारी एक खिडकी होती. खालच्या काचा रंगवलेल्या, वरच्या मोकळ्या. टाचा उंचावल्या की आतलं दिसत होतं. काय दिसावं अशी आपली इच्छा आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आत गोंधळ चालू असावा. नाहीतर निदान मुलं पेंगत असावीत.

आत एका दांडग्या मुलानं विचारलं होतं, की वजा गुणिले वजा अधिक का होतं, आणि तो चिडलेला होता. शाळेपासून सगळे नुसतं पाठ करायला लावतात, कुणी सांगतच नाही, असं त्याचं म्हणणं. सरांना याचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. बाईंनी काहीच उत्तर दिलं नाही. त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि वर्गाकडं बघत राहिल्या. एवढी शांतता सरांनी आपल्या वर्गात कधी होऊ दिली नव्हती. त्यांचे हात शिवशिवायला लागले. मग बाई म्हणाल्या, "उठ. दाराकडं तोंड कर. पुढं चाल. कुठं पोचशील?"

"दाराशी."

"आता पाठ फिरव दाराला. ही झाली एक वजा. आणि आता उलट्या पावलांनी चाल. ही दुसरी."

मुलगा पाठ करून उलटा चालू लागला, बाकाला धडकला, आणि दाराशी जाऊन थांबला. वळून त्यानं दाराकडं पाहिलं, मग बाईंकडं. "च्यायला," तो म्हणाला, आणि जीभ चावली. वर्गात हशा पिकला. एक मुलगी म्हणाली, मॅडम, तुम्ही पण चालून दाखवा. आणि बाई खरंच चालल्या. दाराला पाठ करून, हात जरा पसरून, उलट्या पावलांनी, मध्येच डगमगत. चालता चालता त्या मान मागं टाकून, तोंड भरून, मोठ्यानं हसत होत्या.

सरांच्या टाचा खाली आल्या. ते रंगवलेल्या काचेकडं बघत उभे राहिले.

हे हसणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. घरी बाई हसायच्या, सरांच्या विनोदांवर हसायच्या, पण ते ओठांतल्या ओठांत. बोलायच्या त्याही थोडं. त्यांचं वाक्य निम्म्यावर आलं की पुढचं सर पूर्ण करायचे, आणि त्या मान डोलवायच्या. सरांना वाटायचं, स्वभावच तिचा शांत. आता आतून पुन्हा तोच आवाज आला. आत्तापर्यंत त्यांना पुरस्काराचा हेवा वाटत होता. आता त्या खोलीतल्या एकेका पोराचा वाटू लागला. बाकाला धडकलेल्या त्या दांडग्याचासुद्धा. आपल्याला मिळालं ते सगळं उरलंसुरलं, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि त्यांना बाईंचा राग आला. आपलं चुकतंय हे कळत असूनही आला.

संध्याकाळी बाई वाळलेले कपडे घड्या घालत होत्या. सर म्हणाले, आज तुझा वर्ग पाहिला खिडकीतून.

बाईंचे हात थांबले. चेहरा उजळला. "आला होतात तुम्ही? मग आत यायचं ना. मुलांना केवढं बरं वाटलं असतं."

"नको म्हटलं. गंमतजंमत चांगली चालली होती," सर म्हणाले. "हल्ली उलटं चालून दाखवलं तरी बक्षीस देतात वाटतं."

बाईंनी हातातल्या चादरीची घडी पुरी केली. तिच्यावरून तळवा फिरवला.  त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून सर पुष्कळ वेळ तिथंच घुटमळले.

समारंभ दुपारी होता. बाईंनी दोन मिनिटं बोलायचं होतं. आदल्या दिवशी त्यांनी सरांना विचारलं, म्हणून दाखवू का एकदा? सरांनी पहिली दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाले, हे शेवटच्या रांगेपर्यंत पोचणार नाही, आवाज काढ. पुढचं बाईंनी म्हणून दाखवलं नाही.

दुपारी बाई तयार होऊन आरशासमोर उभ्या होत्या. त्यांनी मोत्याची कुडी घातली होती, घड्याळ बांधलं होतं. टॅक्सी फाटकाशी येऊन थांबली होती. सर पलंगाच्या कडेला बसले होते. एका पायात मोजा होता, दुसरा हातात. आपण कुठं बसणार ते त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. पहिली रांग, नातेवाइकांच्या खुर्च्या. शेजारचा वाकून विचारणार, तुम्ही मॅडमचे मिस्टर ना?

"छातीत जरा जड वाटतंय," ते म्हणाले.

असं काही बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण एकदा निघाल्यावर ते मागं घेणंही त्यांच्यानं होईना, आणि नकळत हात छातीवर गेला.

बाई झटकन वळल्या. त्यांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला होता. त्यांनी सरांना आडवं केलं, कपाटातून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं, दंडाला पट्टा बांधला. आकडे उमटले. बाईंनी ते पाहिले. पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा मोजलं. मग मनगट धरून नाडी पाहिली. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला, आणि त्या सरांकडं बघत राहिल्या.

"अगदी नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या.

"यंत्राचं काय खरं असतं?"

"छातीतच होतंय ना?" बाईंनी शांतपणे विचारलं. "पोटात नाही ना दुखत?"

सरांनी मान वळवून भिंतीकडं पाहिलं. खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला.

"डॉक्टरांना बोलावू?"

"नको. पडून राहिलो की वाटेल बरं."

"मलाही तसंच वाटतं."

"तू जा की," सर म्हणाले. पण ते अशा सुरात म्हणाले, की ते जा नव्हतं.

"जाऊ?" बाईंनी विचारलं.

त्यांनी खरोखरच विचारलं होतं. पलंगाशी उभं राहून त्या उत्तराची वाट बघत होत्या. जा, मला काही झालेलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. एवढे शब्द आयुष्यभर बोलणाऱ्या माणसाला जड नव्हते. सरांनी डोळे मिटून घेतले.

जरा वेळानं बाईंच्या चपला बाहेरच्या खोलीकडं गेल्या. त्या फोनवर बोलत होत्या. घरी बरं नाही, मला यायला जमणार नाही, कार्यक्रम माझ्यासाठी थांबवू नका. टॅक्सी निघून गेल्याचं ऐकू आलं. मग त्या परत आल्या, आरशासमोर बसून एकेक कुडी काढली, डबीत ठेवली, आणि साधे कपडे घालून पलंगाशेजारच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसल्या. संध्याकाळ होईपर्यंत त्यांनी पाणी दोनदा विचारलं. बाकी वेळ पानं उलटत राहिल्या. सरांना वाटत होतं, तिनं भांडावं. भांडण झालं असतं तर निदान उठून बसता आलं असतं.

दिवेलागणीला दाराची बेल वाजली, आणि घर एकदम पावलांनी भरून गेलं. बाईंचा सगळा वर्ग आला होता. मॅडमचं सन्मानचिन्ह कुलसचिवांकडं पडून राहायला नको, म्हणून मुलांनी ते मागून घेतलं होतं. "मॅडम, खुर्च्या काढू का?" "मॅडम, तुम्ही इथं उभ्या राहा." कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. सगळ्यांत वरचा आवाज बहुतेक त्या दांडग्याचा होता. तो कुलगुरूंची नक्कल करून बाईंना पुरस्कार देत होता. आणि मग भिंतीपलीकडून ते हसणं आलं. आपल्याच घरात.

सर उठून बसले. पाय खाली सोडले. दुसरा मोजा अजून उशीपाशीच पडला होता. बाहेर जावं, मुलांत उभं राहावं, एखादा विनोद करावा, सगळे आपल्याकडं वळतील. पण ते आजारी होते. बाईंच्या वर्गाला तसंच सांगितलं होतं. आजारी माणूस दारात येऊन गडगडू लागला, तर काय म्हणतील? ते पुन्हा आडवे झाले.

"भाषण, मॅडम. दोन मिनिटांचं."

खोली शांत झाली. बाई बोलू लागल्या, नेहमीच्याच, हळू आवाजात. सरांनी श्वास रोखून कान दिला. आपलं नाव कुठं येतं का, हे त्यांना ऐकायचं होतं. चांगलं आलं तरी चालेल, वाईट आलं तरी. पण भिंतीतून नुसती गुणगुण येत होती, एकही शब्द सुटा होत नव्हता. बाहेर मात्र कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

ते संपल्यावर दार हळूच उघडलं. बाई पाण्याचं भांडं घेऊन आल्या. त्यांचे गाल लाल झाले होते, डोळे ओले होते. त्यांनी भांडं उशाशी ठेवलं.

"काय बोललीस?" सरांनी विचारलं.

"नंतर सांगेन," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे. खाली पडलेली चादर उचलून त्यांनी सरांच्या पायांवर नीट पसरली. "मुलं विचारत होती, सरांना भेटता येईल का. मी म्हटलं, सरांना विश्रांती हवी आहे."

"दार राहू दे उघडं," सर म्हणाले.

"नको. आवाजाचा त्रास होईल तुम्हाला."

त्यांनी दार ओढून घेतलं. पलीकडं कुणीतरी म्हणालं, "अरे, हळू बोला, सर आजारी आहेत." आणि सगळी मुलं हळू बोलू लागली.